शब्दांची वही



माझी नात सातवीत आहे. तिच्या निबंधात 'आजीने भाकरीबरोबर कोरड्यास केले' असे वाक्य होते. बाईंनी 'कोरड्यास'खाली लाल रेघ मारून वर 'भाजी' लिहिले. पोरीने घरी येऊन विचारले, "आजी, आपलं बोलणं चुकीचं असतं का गं?"

एक शब्द खोडला गेला त्याचे फार वाटले नाही. पण पुढचा निबंध तिने अर्ध्या पानातच संपवला. चूक होऊ नये म्हणून पुस्तकातले तेवढेच शब्द वापरले होते. लाज वाटली की शब्द असे आटतात.

भाकरीला लावून खायला जे काही केलेले असेल ते कोरड्यास. मग ते पिठले असो, डाळ असो की पाल्याची भाजी. 'भाजी' म्हटल्याने तेवढा अर्थ येत नाही. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, ऊर्मिला पवारांनी २००३ साली 'आयदान' हे दिले. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. ही माणसे घरचेच शब्द घेऊन साहित्यात गेली. तेव्हा शब्द वाढवायचे तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. वाकळ, आगटी, डालगे हे शब्द त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका.

दुसरा साठा आपण रोज तोंडाने म्हणतो, पण उघडून पाहत नाही. तो वंदनेत आहे. 'सिक्खापद' घ्या. सिक्खा म्हणजे शिकणे, स्वतःला वळण लावणे. त्याचाच भाऊ आपला 'शिक्षा' हा शब्द. मराठीत तो छडी खाण्यापर्यंत येऊन पोचला! शिक्षण, शिक्षक, प्रशिक्षण, सुशिक्षित ही सगळी त्याच घरातली. एका शब्दामागे पाच शब्द असे हाती येतात.

आणखी एक गंमत मुलांना दाखवा. पालीतले जोडाक्षर सुटे करा आणि आधीचा स्वर लांबवा. हत्थचा हात, कम्मचे काम, भत्तचा भात, दुद्धचे दूध, सप्पचा साप. मज्झिम म्हणजे मधला, आणि आजीचे माजघर म्हणजे घराचा मधला भाग. मराठी महाराष्ट्री प्राकृतातून आली, पाली तिची जवळची नातेवाईक. (केंद्रीय मंत्रिमंडळाने दोघींना अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला तोही एकाच दिवशी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी.) बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोशाचे काम केले होते. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील १६ व्या खंडात ते १९९८ साली छापले गेले. त्यात पाली शब्दांचे इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदी अर्थ आहेत. विहाराच्या वाचनालयात हा खंड नुसता कपाटात ठेवू नये.

तिसरे शब्द कचेरीतले. शिष्यवृत्तीचा अर्ज दुकानात भरून घेतो आणि मुलगा बाजूला उभा असतो. त्याला तो मोठ्याने वाचायला लावा. साक्षांकित, वैधता, स्वयंघोषणापत्र, अनुज्ञेय. खिडकीपलीकडून 'अनुज्ञेय नाही' असे उत्तर आले की आपण मान हलवून परत फिरतो. अनुज्ञेय म्हणजे नियमाने मिळण्याजोगे. हे ठाऊक असले तर 'कोणत्या नियमाने नाही, साहेब?' असे विचारता येते. माझ्या मते परीक्षेच्या गुणांपेक्षा या एका प्रश्नासाठी शब्द हवेत.

आता वहीचे. शंभर पानी साधी वही पुरे. रोज एकच शब्द लिहावा. समोर अर्थ लिहिण्याआधी त्या शब्दाचे स्वतःचे वाक्य करावे. आठवड्याने वही मिटून ते शब्द बोलण्यात आणून पाहावेत. जो आला नाही तो पुन्हा लिहावा. अडले तर कोश बघावा. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आता मोबाईलवरही पाहता येतात. दिवसाला दहा शब्द पाठ करायला मात्र लावू नका. चार दिवसांत वही माळ्यावर जाते, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे.

नातीच्या वहीत पहिला शब्द 'कोरड्यास' आहे. मोल्सवर्थमध्ये तो सापडला तेव्हा ती वही घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी वाचले आणि लाल रेघेशेजारी बरोबरची खूण केली. सध्या वहीत एकेचाळीस शब्द झाले आहेत. आपल्या भागात कोरड्यासला काय म्हणतात, ते पोस्टकार्डावर कळवावे. बेचाळिसावी ओळ तिने रिकामी ठेवली आहे.