बगॅसचे टन पुरे, उष्मांक सांगा



काटा बरोबर आहे काय, उतारा किती पडला, यावर आपण सर्वसाधारण सभेत तासन्‌तास बोलतो. बोलायलाच पाहिजे. पण चिपाडाचा, म्हणजे बगॅसचा, अहवालात एकच आकडा असतो : इतके टन. तो वाचून आपण पान उलटतो. माझे स्पष्ट मत आहे की या आकड्यावरून कास्तकाराला काहीच कळत नाही.

बगॅस घेणारा असो की आपला बॉयलर, दोघांनाही वजन नको, उष्णता हवी. ओली पऱ्हाटी चुलीत घातली की काय होते ते चुलीपुढे बसणाऱ्या कुणालाही विचारा. जळणे ही रासायनिक क्रिया आहे. चिपाडातला कार्बन आणि हायड्रोजन प्राणवायूशी संयोग पावतात आणि उसाच्या पानाने उन्हातून साठवलेली ऊर्जा मोकळी होते. त्यातून आधी चिपाडातल्या पाण्याची वाफ करण्याचा खर्च वजा होतो. उरेल ते आपले.

ही उष्णता मोजता येते. उपकरणाचे नाव बॉम्ब कॅलरीमीटर, पण नावाला भिऊ नका. जाड पोलादी भांड्यात ग्रॅमभर वाळवलेले चिपाड ठेवतात, हवेच्या पंचवीस-तीस पट दाबाने प्राणवायू भरतात, भांडे सुमारे दोन लिटर पाण्यात बुडवतात आणि विजेच्या तारेने आत पेटवतात. मग पाणी किती तापले ते बघायचे. ग्रॅमभर कोरड्या चिपाडाने ते जेमतेम दोन अंश चढते, म्हणून तापमापक फार बारीक वाचणारा लागतो. काटा जसा प्रमाण वजनांनी तपासतात, तसे हे उपकरण बेंझॉइक आम्ल जाळून तपासतात. त्याची उष्णता पक्की ठाऊक आहे, ग्रॅमला सुमारे 6,318 कॅलरी.

यात एक मेख आहे. भांडे बंद असल्यामुळे आतली वाफ पुन्हा पाणी होते आणि आपली उष्णता परत देते. हा झाला एकूण उष्मांक. बॉयलरची वाफ मात्र धुराड्यातून निघून जाते, म्हणून हिशेब निव्वळ उष्मांकाचा पाहिजे. पूर्ण कोरडे चिपाड किलोला सुमारे 4,600 किलोकॅलरी एकूण उष्णता देते. निम्मे पाणी असलेल्या चिपाडाची निव्वळ उष्णता 1,800 च्या आसपास उरते. पाणी 45 टक्क्यांवर आणले तर 2,000 च्या वर जाते.

आता गंमत पाहा. 100 टन कोरडा भाग निम्म्या पाण्यासह 200 टन भरतो आणि 45 टक्के पाण्यासह 182 टन. अहवालात 200 टनच छान दिसतील! पण बॉयलरमध्ये हे 182 टन जास्त उष्णता देतात. ओले विकून पाण्याचे पैसे घेऊ, असे कुणी म्हणेल. एखाद्या हंगामात जमेलही, पण घेणारा काही दूधखुळा नसतो.

आपल्या नागपूरलाच वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्य कार्यालय आहे. उमरेड-सावनेरच्या कोळशाची प्रतवारी जानेवारी 2012 पासून एकूण उष्मांकावर होते, साधारण दर 300 किलोकॅलरीला प्रत बदलते. नमुने तपासणाऱ्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेचे केंद्रही याच शहरात आहे. खाणीचा कोळसा उष्मांकावर जोखला जातो, मग शेतकऱ्याच्या चिपाडालाच नुसता तराजू का?

हा प्रश्न इंजिनिअर मंडळींवर सोडून चालणार नाही. राज्याच्या 2013 च्या ऊसदर कायद्यात उत्पन्नाच्या वाटणीचा जो हिशेब आहे, त्यात साखरेसोबत बगॅस, मळी आणि प्रेसमडही धरता येतात. बगॅसचा भाव आपल्या बिलापर्यंत येतो तो असा.

शेवटच्या मिलमधून निघणाऱ्या चिपाडातले पाणी दर पाळीला मोजावे. त्याला एक भट्टी आणि एक तराजू पुरतो. महिन्यातून एकदा उष्मांक काढावा, उपकरण नसेल तर बाहेरून काढून आणावा. दोन्ही आकडे अहवालात टनांच्या शेजारी छापावेत. पुढच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. सूचक मी आहे, अनुमोदक पाहिजे.