खरखरीचे श्रेय

समीक्षेत 'अस्सल' हा शब्द अवतरला की विश्लेषणाचे काम तेथेच आटोपले असे बहुधा समजावे. घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करून स्वतःच त्यांच्या ध्वनिफिती वाटणाऱ्या रॉक संगीतकारांविषयी गेल्या चाळीस वर्षांत जे इंग्रजी लेखन झाले, त्यात हा शब्द आणि त्याचे निरागस, निखळ, अनघड, उत्स्फूर्त इत्यादी सगेसोयरे इतक्या सढळपणे वावरतात की गाणे कोणीतरी रचलेले असते याचाच विसर पडावा. मराठी वाचकाला ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही. अनुभवाच्या अस्सलतेचे नाणे येथेही बराच काळ चलनात आहे, आणि ते कोणाच्या पदरात टाकले जाते व कोणाच्या नाही, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

या शब्दसंग्रहाचा ठळक बळी म्हणजे अमेरिकन गीतकार-गायक डॅनियल जॉन्स्टन (१९६१–२०१९). वेस्ट व्हर्जिनियात आईवडिलांच्या घराच्या तळघरात पियानोवर बसून, पुढे टेक्सासमध्ये भावाच्या गॅरेजमध्ये खेळण्यातल्या पेटीसारखा कॉर्ड ऑर्गन समोर घेऊन, त्याने १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात साध्या टेपरेकॉर्डरवर फितींमागून फिती भरल्या. 'साँग्ज ऑफ पेन', 'यिप/जंप म्युझिक', 'हाय, हाउ आर यू' ही त्यांतली काही नावे. वेष्टनांवरील चित्रेही त्याचीच. ऑस्टिन शहरात मॅकडोनल्ड्सच्या दुकानात नोकरी करीत असताना तो भेटेल त्याच्या हातात फीत ठेवी. १९८५ मध्ये एम टीव्हीच्या एका कार्यक्रमात तो झळकला. १९९२ मध्ये कर्ट कोबेनने एका पुरस्कार समारंभात त्याच्या बेडकाचे चित्र असलेला सदरा घातला, आणि तळघरातल्या या गायकाच्या दारात मोठ्या कंपन्या येऊन उभ्या राहिल्या.

येथवर तपशील झाला. परंतु जॉन्स्टनविषयीच्या लेखनात याहून वेगळेच तपशील पुढे येतात. त्याचा मनोविकार, रुग्णालयाच्या वाऱ्या, सैतानाचे भय, आणि १९९० मध्ये वडिलांच्या छोट्या विमानाची किल्ली त्याने हवेतच काढून बाहेर फेकली तो प्रसंग. हा प्रसंग सांगितल्यावाचून त्याच्यावर लेख लिहिता येत नाही असा जणू दंडकच आहे. आजार खरा होता, त्याने त्या माणसाची आणि त्याच्या कुटुंबाची दीर्घकाळ होरपळ केली, याविषयी वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीविषयी. गाण्यातील तुटका ताल, चिरकणारा आवाज, फितीची खरखर या सर्वांचा उलगडा रोगाच्या नावात शोधायचा आणि वर त्यालाच कलेची निरागसता म्हणायचे, ही ती पायरी. अर्विन चुसिडने २००० मध्ये 'साँग्ज इन द की ऑफ झी' या पुस्तकात अशा गायकांचा एक वर्गच बांधून काढला आणि त्यात जॉन्स्टनला बसवले. या वर्गाची वंशावळ चित्रकलेतून आलेली आहे. झाँ द्युबुफेची 'आर ब्रूत' ही कल्पना १९४०च्या दशकातली. रॉजर कार्डिनलने १९७२ मध्ये तिच्यासाठी जे इंग्रजी नाव योजले त्याचा अर्थ 'बाहेरच्यांची कला' असा होतो. कोणाच्या बाहेरच्यांची, हे त्या नावात सांगितलेले नाही. सांगण्याची गरजही नसते. ज्याच्या हाती नाव देण्याचा अधिकार, त्याचे घर ते 'आत'.

एक शेजारचे उदाहरण घ्यावे, म्हणजे या नामकरणाचा न्याय कसा चालतो ते दिसेल. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतील आपल्या घरी चार मार्गांच्या एका कॅसेट यंत्रावर काही गाणी एकट्याने मुद्रित केली. हेतू इतकाच की सहकारी वादकांना ती ऐकवावीत. स्टुडिओत वाद्यवृंदासह ती पुन्हा करून पाहण्यात आली, पण मनासारखी उतरेनात. अखेर ती घरगुती फीतच 'नेब्रास्का' या नावाने त्या वर्षीच्या सप्टेंबरात कोलंबियाने प्रसिद्ध केली. या संग्रहाविषयी समीक्षकांनी काय लिहिले? संयम, काटकसर, रीगनकालीन अमेरिकेच्या उजाडपणाला शोभेल असा रूक्ष ध्वनी, म्हणजे निर्णय. जॉन्स्टनच्या 'यिप/जंप म्युझिक'चे साल १९८३. माध्यम तेच, कॅसेट. खोलीचा प्रतिध्वनी, फितीची खरखर आणि एकट्या माणसाचा आवाज, हेही सारे तेच. पण येथे निर्णय हा शब्द कोणी उच्चारीत नाही. स्प्रिंगस्टीनकडे स्टुडिओ होता आणि त्याने तो नाकारला, म्हणून त्याची खरखर ही शैली. जॉन्स्टनकडे स्टुडिओ नव्हता, म्हणून त्याची खरखर हे लक्षण. ज्याला पर्याय उपलब्ध आहेत त्यालाच निवड करता येते, असे हे तर्कशास्त्र आहे. ते मान्य केले तर कोळशाने भिंतीवर चित्र काढणाऱ्याला रेषा असते असे म्हणण्याची सोय उरत नाही. निवड उपलब्ध साहित्याच्या आतही होते. किंबहुना साहित्य जितके तोकडे तितकी ती अधिक नेमकी करावी लागते.

'साँग्ज ऑफ पेन' ऐकताना या निवडीचा ठसठशीत पुरावा मिळतो. गाण्यांच्या मध्येमध्ये आईच्या रागावण्याचे तुकडे येतात. मुलाच्या आळसाविषयी, वायफळ उद्योगांविषयी ती तावातावाने बोलते आहे. हे बोलणे त्याने मुद्रित केले, जपून ठेवले आणि संग्रहात ठरावीक जागी बसवले. ज्या गाण्यांना ती वायफळ म्हणते त्याच गाण्यांच्या कुशीत तिचे शब्द ठेवल्यामुळे दोन्ही आवाजांचे मोल बदलते. आईच्या बोलण्याला एक लय येते आणि गाण्याला साक्षीदार मिळतो. उपरोधाची ही जाण भाबड्या माणसाची नव्हे. एखाद्या कादंबरीकाराने असा विसंवादी स्वर निवेदनात पेरला असता तर बाख्तिनचे नाव घेऊन त्यावर चार पाने लिहिली गेली असती. येथे मात्र तो 'घरातील तणावाचा हृदयस्पर्शी दस्तऐवज' ठरतो.

त्याच्या गाण्यांतील व चित्रांतील आकृतींचेही असेच. कवटीचा वरचा भाग उडालेला मुष्टियोद्धा, देठांवर डोळे असलेला बेडूक, कॅस्पर नावाचे मैत्रीखोर भूत, कॅप्टन अमेरिका, किंगकाँग या साऱ्यांची ये-जा एका फितीतून दुसऱ्या फितीत, गाण्यातून वेष्टनावर, वेष्टनावरून पुन्हा गाण्यात चालू असते. महाविद्यालयातील ज्या मुलीवरच्या प्रेमातून ही गाणी उगवली तिने अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्या माणसाशी लग्न केले. चरित्रकारांना ही गंमतीदार हकीकत वाटते. गाण्यांत मात्र तिच्यातून प्रेम आणि प्रेतयात्रा यांना जोडणारी प्रतिमा तयार होते, आणि ती वर्षानुवर्षे घासली, बदलली, उलटवली जाते. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याची चित्रे मांडली गेली तेव्हा तरी या संकेतव्यवस्थेचा सलग अभ्यास व्हायला हवा होता. झाली ती चर्चा पुन्हा चरित्राचीच.

या ठिकाणी सिद्धान्ताचा आधार घेणाऱ्यांनीही फारसे उजेड पाडलेले नाहीत. रोलाँ बार्तच्या १९७२ मधील निबंधातील आवाजाच्या पोताची कल्पना या संदर्भात हमखास उद्धृत होते. गाण्यातील शरीर, अर्थापलीकडला कंठ, वगैरे. बार्तचा रोख एका प्रशिक्षित, सफाईदार गायकीच्या विरुद्ध होता आणि त्याने ज्या गायकाची बाजू घेतली तो शार्ल पांझेरा हाही कसलेला कलावंतच होता. पोत म्हणजे अशिक्षितपणा असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. ज्या बार्तने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली त्याचेच बोट धरून गायकाच्या वैद्यकीय कागदपत्रांपर्यंत जाऊन पोहोचणे हा तर विनोदच आहे. लेखक मेल्यावर त्याची जागा वाचकाला मिळेल असे आश्वासन होते. जॉन्स्टनच्या बाबतीत ती डॉक्टरला मिळाली.

वॉल्टर बेंजामिनच्या १९३० च्या दशकातील प्रसिद्ध निबंधाचा उपयोग याहून अधिक होऊ शकला असता. आरंभीच्या काळात जॉन्स्टनकडे फितीवरून फीत उतरवण्याची सोय नव्हती. कोणी संग्रह मागितला की तो पुन्हा टेपरेकॉर्डरसमोर बसे आणि सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने गाई. यंत्रयुगातील पुनरुत्पादनाने कलाकृतीचे वलय नष्ट होते, असे बेंजामिनचे प्रतिपादन. येथे पुनरुत्पादनाचे यंत्र हाताशी असूनही प्रत्येक प्रत ही मूळ प्रत आहे, आणि म्हणूनच मूळ प्रत अशी कोणतीच नाही. पोथ्यांच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला हा पेच ओळखीचा आहे. तुकोबांच्या गाथेचे पाठ लावताना अभंग कमीजास्त होतात, ओळी सरकतात, आणि संपादकाला कोठेतरी हात थांबवावा लागतो. जॉन्स्टनच्या फितींना पाठचिकित्सेची गरज आहे. पण निरागसाच्या कृतीला पाठभेद असतात हे कोणाला सुचणार? पाठभेद पुनर्विचार करणाऱ्याच्या कृतीला असतात.

पुन्हा पुन्हा तेच गाणे गाणारा माणूस उत्स्फूर्त असू शकत नाही, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. 'हाय, हाउ आर यू' हा संग्रह सप्टेंबर १९८३ मध्ये मनोविकाराच्या तीव्र टप्प्यावर झाला. त्यातील काही तुकडे सुरू होऊन सोडून दिल्यासारखे आहेत. त्या साऱ्यांनाच 'रचना' म्हणणे ही उलट बाजूची भाबडी भक्ती होईल. काही गाणी फसलेली आहेत. 'यिप/जंप म्युझिक'ही गरजेपेक्षा लांबला आहे, त्यातील कित्येक चाली एकमेकींची सावली वाटतात. पण फसले असे म्हणता येण्यासाठी आधी काहीतरी साधायचे होते हे गृहीत धरावे लागते. निरागसतेचा पुरस्कर्ता नेमके हेच नाकारतो. त्याच्या दरबारात सगळेच सारखे सुंदर, आणि म्हणून कशाचेच मूल्यमापन नाही. जॉन्स्टनने स्वतः त्या संग्रहाच्या वेष्टनावर 'अपूर्ण संग्रह' असे लिहिले. पूर्ण कशाला म्हणायचे याची कल्पना असल्याखेरीज अपूर्ण हा शब्द लिहिता येत नाही.

पुढील घटना दोन्ही पक्षांना अडचणीच्या आहेत. १९९४ मध्ये अटलांटिक कंपनीने 'फन' हा त्याचा संग्रह स्टुडिओत करवून घेतला. तो खपला नाही आणि कंपनीने करार मोडला. यावरून स्टुडिओने अस्सलता मारली असा निष्कर्ष काढण्यात आला. मग २००४ मधील 'द लेट ग्रेट डॅनियल जॉन्स्टन' या संग्रहाचे काय करायचे? (तेव्हा तो हयात होता, शीर्षकातील थट्टा उघड आहे.) त्यात एका तबकडीवर इतर गायकांनी गायलेली त्याची गाणी आणि दुसरीवर तीच गाणी त्याच्या आवाजात आहेत. टॉम वेट्सने 'किंगकाँग' गायले. मूळ मुद्रणात वाद्य नाही, एकटा आवाज एका चित्रपटाची कथा सांगत जातो. वेट्सच्या घशात ती कथा निराळ्याच जंगलातून येते, पण तिचा सांगाडा हलत नाही. म्हणजे गाणे खरखरीवाचूनही उभे राहते. आणि तरीही दुसरी तबकडी लावली की खरखर नुसता अडथळा नव्हती हेही ऐकू येते: ती खोली मोजते, गाणारा यंत्रापासून किती अंतरावर बसला आहे ते सांगते, ऐकणाऱ्याला त्या खोलीत एकट्याने बसवते. नेपथ्य म्हणतात ते हेच.

मराठीत या प्रश्नाला जुना संदर्भ आहे. 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली तेव्हापासून त्या कवयित्रीच्या निरक्षरतेचे जेवढे कौतुक झाले, तेवढे तिच्या ओवीतील यतिस्थानांचे झाले नाही. याच्या उलट टोकाला चक्रमुद्रित 'शब्द'पासून सुरू झालेल्या अनियतकालिकांच्या चळवळीकडे पाहण्याची रीत आहे. तिच्या खरबरीत कागदाला आणि पुसट शाईला बंडाचे प्रमाणपत्र लगेच मिळाले, कारण ती काढणारे तरुण बंडखोर आहेत हे आधीच ठरलेले होते. या दोन्ही रीतींना अरुण कोलटकर पुरून उरतात. १९५४ च्या 'शब्द'मागे ते होते. जाहिरातक्षेत्रातील वाकबगार संकल्पनकार होते. १९७०च्या दशकात त्यांनी इंग्रजीत रॉकच्या वळणाची गाणी लिहून ती मुद्रित करून पाहिली होती आणि ती गाणी २००९ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या संग्रहात छापली गेली. बाजारपेठेबाहेर राहून, अशोक शहाणे यांच्या 'प्रास'सारख्या छोट्या प्रकाशनातर्फे त्यांची पुस्तके आली, आणि त्या पुस्तकांत एक स्वल्पविराम अनवधानाने पडलेला नाही. घरगुती आणि अनघड या दोन शब्दांना एकमेकांचे प्रतिशब्द मानणाऱ्याने ती पुस्तके हातात घेऊन पाहावीत.

जॉन्स्टनच्या फितींची ध्वनिमुद्रिका आणि तबकडीच्या रूपांत पुनःप्रकाशने झाली आहेत. प्रत्येक वेळी कोणत्या तरी एका प्रतीला संहितेचा मान मिळाला. त्याच्या परिचितांच्या कपाटांत आणखी ज्या प्रती असतील, ज्यांत तेच गाणे त्याने दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसासाठी निराळ्या गतीने गायले, त्या प्रती एकमेकींशेजारी ठेवून ऐकण्याचे काम अद्याप समीक्षेचे काम मानले गेलेले नाही.