समाधान शिकावे लागते

आज नाताळ. जन्मतः ज्यास निजावयास गव्हाणीवाचून दुसरी जागा मिळाली नाही, त्या येशूच्या जन्माचा हा सोहळा होय. अशा जन्मातून आनंदाचा सण उभा राहावा, हे पाहिले म्हणजे आनंदाचे मूळ नेमके कोठे असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथात याचे उत्तर एका बंदिवानाच्या पत्रात सापडते. आजच्या ग्रीसमधील फिलिप्पै या नगरीत संत पौल व त्याचा सोबती सीला यांना फटके मारून कोठडीत टाकले होते. पाय खोड्यात अडकलेले असता मध्यरात्री ते देवाची स्तोत्रे गात होते, अशी कथा आहे. पुढे त्याच नगरीतील भाविकांना पौलाने दुसऱ्या एका बंदिवासातून पत्र लिहिले. पुढ्यात जीवन आहे की मरण, हे ठाऊक नसताना लिहिलेल्या या अवघ्या ४ अध्यायांत आनंदाचा उच्चार पुनःपुन्हा होतो.

विपुलतेत आणि टंचाईत सारखेच समाधानी राहावयास आपण शिकलो आहोत, असे पौल तेथे सांगतो. त्यातील 'शिकलो' हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. समाधान हा कोणाचा उपजत स्वभाव नव्हे. ती सायासाने अंगी बाणवण्याची विद्या आहे. आणि समाधानी आहोत म्हणून पौल कोणाचे ऋण नाकारीत नाही. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठविलेल्या मदतीची तो मनापासून पोच देतो.

कृतज्ञता हा त्या विद्येचा नित्यपाठ होय. मरणाच्या आदल्या रात्री येशूने भाकर हाती घेतली, देवाचे आभार मानले आणि ती शिष्यांना वाटून दिली. त्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या ख्रिस्ती विधीच्या मूळ ग्रीक नावाचा अर्थच 'आभारप्रदर्शन' असा आहे. जेवणापूर्वी हात जोडून अन्नास पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या आपल्या घरांना हे परके वाटू नये.

महाराष्ट्राने ही वृत्ती जवळून पाहिली आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हाती पैसा न टिकणाऱ्या या गृहस्थाचा संसार ओढगस्तीचा. परंतु लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त तो सांगितला, तेव्हा त्यात कडवटपणा थोडा आणि हसू फार आले.

मात्र एक सावधगिरी हवी. समाधानाचा उपदेश स्वतःच्या हावेला करावयाचा असतो, दुसऱ्याच्या भुकेला नव्हे. भरल्या पोटी उपाशी माणसास 'समाधानी राहा' म्हणणे, हा धर्म नव्हे. भाकर हाती घेऊन आभार मानल्यावर येशूने ती वाटली, हे विसरता कामा नये.

सण आले की काय आणावयाचे, याच्या याद्या आपण करतो. आज दिवेलागणीस देवापुढे हात जोडताना, न मागता काय मिळाले, याचीही एक उजळणी करावी. आमच्या ख्रिस्ती वाचकांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा; आणि सर्वच घरांना समाधान लाभो, ही प्रार्थना.