वारसा जपणाऱ्या संस्था आणि मानद समित्यांच्या कारभाराची कसोटी

नवी दिल्ली : ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने 12 किल्ल्यांचा जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी 11 किल्ले महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत आहे. आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली, तर उर्वरित चार महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. एखादा बुरूज ढासळला तर जाब कोणाला विचारायचा, हे या किल्ल्यांबाबत तरी निश्चित आहे. देशातील बहुसंख्य जुन्या वास्तूंबाबत तसे म्हणता येत नाही. वाडे, हवेल्या, बारवा, घाट, बाजारपेठा, जुन्या शाळा, दफनभूमी आणि गावोगावची देवालये यांचा कोणताही सरकारी विभाग प्रत्यक्ष राखणदार नाही.

पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत देशभरातील सुमारे 3,700 स्मारके व स्थळे आहेत. एवढ्या मोठ्या देशासाठी हा आकडा किती तोकडा आहे, याची कल्पना एकट्या राजधानीवरून येते. दिल्लीतील केंद्रीय संरक्षित स्मारके 174 च्या आसपास आहेत. भारतीय राष्ट्रीय कला व सांस्कृतिक वारसा न्यास, अर्थात ‘इंटॅक’च्या दिल्ली शाखेने 1999 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या सूचीत मात्र सुमारे 1,200 वास्तूंची नोंद आहे. यादीबाहेरच्या या वास्तूंपैकी अनेकांची नगररचनेच्या दृष्टीने दखल घेण्यासारखी पहिली नोंद अशा सूचीतच झाली. त्यामुळे सूची तयार करणारी संस्था आपला कारभार कसा चालवते, कोणाला समितीवर घेते आणि निर्णय कसे करते, हा तिचा केवळ अंतर्गत प्रश्न राहत नाही. शहराची कोणती स्मृती टिकेल आणि कोणती पुसली जाईल, हे त्यावर काही अंशी ठरते.

रचना कशी आहे?

‘इंटॅक’ची स्थापना 27 जानेवारी 1984 रोजी, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार झाली. दिल्लीतील मध्यवर्ती कार्यालयात वेतनधारी तज्ज्ञांचे विभाग आहेत. धोरणाची सूत्रे नियामक मंडळ व कार्यकारी समितीकडे असतात. प्रत्यक्ष विस्तार मात्र देशभरातील दोनशेहून अधिक शाखांच्या बळावर झाला आहे. प्रत्येक शाखेचे नेतृत्व संयोजक करतो आणि हे पद मानद असते. निवृत्त प्राध्यापक, वास्तुविशारद, वकील, शिक्षक, माजी प्रशासकीय अधिकारी अशी मंडळी आपला वेळ देतात, म्हणून शाखा चालते.

यातील कायदेशीर चौकट मोजकी आहे. 1860 च्या मूळ कायद्यानुसार सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. नियामक मंडळातील व्यक्तींची यादी दरवर्षी निबंधकांकडे द्यावी लागते. संस्था विसर्जित झाली, तर शिल्लक मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. याखेरीज समितीची मुदत किती, एकाच व्यक्तीने पद किती काळ भूषवावे, हितसंबंध कसे जाहीर करावेत, हे प्रश्न कायद्याने बहुतांशी संस्थेच्या घटनेवर सोडले आहेत. ज्या संस्थेची घटना या मुद्द्यांवर मौन बाळगते, तेथे व्यक्तीचा वकूब आणि सचोटी हाच नियम ठरतो.

या पद्धतीचे बळ

मानद समित्यांनी जे साधले, ते केवळ शासनयंत्रणेला साधले असते, असे म्हणणे कठीण आहे. मुंबईत 1995 मध्ये वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियम लागू झाले. देशातील शहरांमध्ये अशा नियमांचा हा पहिला मोठा प्रयोग होता आणि त्यामागे संवर्धनप्रेमी नागरिक व संस्थांचा दीर्घ पाठपुरावा होता. 1998 मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने कलामहोत्सवातून मिळणारा निधी परिसरातील वास्तूंच्या जतनाकडे वळवला. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह जून 2018 मध्ये जागतिक वारसा ठरला, तेव्हाही राज्य सरकारच्या बरोबरीने रहिवासी संघटना आणि नागरी संस्था त्या प्रस्तावामागे अनेक वर्षे उभ्या होत्या.

या यशाचे कारण स्थानिक ज्ञान हे आहे. कोणत्या वाड्याच्या वारसांमध्ये वाद आहे, कोणत्या बारवेत अजून पाणी आहे, कोणता गवंडी चुन्याचे काम जाणतो, ही माहिती कोणत्याही सरकारी नस्तीत सापडत नाही. ती गावातल्या माणसाकडे असते आणि तो ती विश्वासाने देतो. मानधन न घेणाऱ्या कार्यकर्त्यावर मालकाचा विश्वास अधिक सहज बसतो, हा या व्यवस्थेचा खरा आधार आहे.

उणिवा कोठे आहेत?

तथापि जेथून बळ येते तेथूनच दुर्बलताही येते. जो वेतन घेत नाही, त्याला जाब विचारताना संकोच वाटतो. संयोजक उत्साही असेल तर शाखा गजबजते. तो आजारी पडला, स्थलांतरित झाला किंवा थकला, तर शाखा कागदावर उरते. अनेकदा नोंदवह्या, छायाचित्रे आणि पत्रव्यवहार त्याच्या घरच्या कपाटात असतात. उत्तराधिकाऱ्याला मिळते ते केवळ पद.

दुसरा प्रश्न हितसंबंधांचा आहे. संवर्धनाचे तंत्र जाणणारे लोक थोडे. त्यामुळे समितीवर बसणारा वास्तुविशारद आणि दुरुस्तीचे काम मिळवू पाहणारा व्यावसायिक ही एकच व्यक्ती असण्याची शक्यता लहान शहरात मोठी असते. देणगीदार हाच एखाद्या जुन्या इमारतीचा मालक असतो, तेव्हा तिच्या श्रेणीबाबतची चर्चा मोकळेपणाने होईलच, असे नाही. यात गैरव्यवहार झालाच पाहिजे असे नाही. परंतु संबंध जाहीर केला नाही, तर योग्य निर्णयही संशयास्पद ठरतो आणि न्यायालयात सूचीची विश्वासार्हता उणावते.

तिसरी उणीव प्रतिनिधित्वाची. ज्यांना विनावेतन वेळ देणे परवडते, तेच समितीवर येतात. साहजिकच राजवाडे, बंगले आणि प्रसिद्ध देवळे यांकडे लक्ष अधिक जाते. गिरण्यांच्या चाळी, कारागिरांच्या वस्त्या, पाणवठे, स्त्रियांच्या श्रमाशी जोडलेल्या जागा या सूचीत उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

शिवाय समितीचा अधिकार शिफारशीपुरता असतो. दिल्लीतील प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे याचे ठळक उदाहरण. वास्तुविशारद राज रेवल आणि अभियंता महेंद्र राज यांनी 1972 च्या व्यापार मेळ्यासाठी साकारलेली ही रचना एप्रिल 2017 मध्ये पाडण्यात आली. स्वातंत्र्योत्तर काळातील निवडक इमारतींना संरक्षण द्यावे, असा प्रस्ताव ‘इंटॅक’ने आधीच मांडला होता. मात्र 60 वर्षांपेक्षा कमी वयाच्या वास्तू वारसा ठरू शकत नाहीत, अशी भूमिका दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने घेतली. सूचीला अधिसूचनेचे बळ मिळेपर्यंत ती केवळ जाणकारांचे मत असते, हे यातून स्पष्ट झाले.

कायद्याचा धाक आणि अडथळा

महाराष्ट्रात संस्था नोंदणीबरोबरच 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. विश्वस्त मंडळात बदल झाल्यास कलम 22 नुसार 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. ऐतिहासिक इमारत स्वतःच न्यासाच्या मालकीची असते, तेव्हा ही तरतूद मोलाची ठरते. परंतु निवडणुकीवरून दोन गट पडले आणि बदल अर्जावर हरकत आली, तर निकाल लागेपर्यंत बँकेतील सह्यांपासून दुरुस्तीच्या ठरावापर्यंत सारे अडते. गळणारे छप्पर मात्र निकालाची वाट पाहत नाही.

निधीचा मार्गही अरुंद झाला आहे. परकीय योगदान नियमन कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि परदेशी निधी एका संस्थेने दुसरीकडे वर्ग करण्यास मनाई झाली. हिशेबनीस ठेवणे परवडत नसलेल्या लहान संस्थांपर्यंत मोठ्या संस्थेमार्फत पोहोचणारा परदेशी निधी त्यामुळे थांबला.

ब्रिटनचा अनुभव

1895 मध्ये स्थापन झालेला ब्रिटनचा नॅशनल ट्रस्ट हा अशा संस्थांचा आदर्श मानला जातो. तेथेही 52 सदस्यांची परिषद कारभारासाठी अवजड ठरली. 2005 मध्ये लहान विश्वस्त मंडळ नेमून निर्णयाची जबाबदारी त्याच्याकडे देण्यात आली. परिषदेचे काम विश्वस्तांची नेमणूक करणे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणे एवढे राहिले. पुढे तिची संख्या 36 करण्यात आली. त्यातील निम्मे सदस्य सभासद निवडून देतात आणि निम्मे इतर संस्था सुचवतात. वाद तेथेही थांबले नाहीत. पण निर्णय कोण घेतो आणि त्याला जाब कोण विचारतो, या दोन भूमिका वेगळ्या झाल्या. भारतीय संस्थांनी घ्यावा असा धडा हाच आहे.

पुढचा मार्ग

मानद समित्यांच्या जागी पगारी अधिकारी नेमणे हा उपाय नव्हे. त्यामुळे स्थानिक विश्वासाचा झराच आटेल. गरज आहे ती सेवाभावाला नियमांची जोड देण्याची. पदाची मुदत घटनेत लिहिलेली असावी. ज्या वास्तूशी सदस्याचा व्यावसायिक वा कौटुंबिक संबंध आहे, तिच्यावरील चर्चेतून त्याने बाहेर राहावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. सूची तारखेसह सार्वजनिक असावी आणि ठरावीक काळाने तपासली जावी. दस्तऐवज व्यक्तीच्या घरी न राहता संस्थेच्या ताब्यात असावेत. यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ती शिस्त.

आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे, हे संविधानाच्या अनुच्छेद 51 (क) नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. अनुच्छेद 49 ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे दायित्व राज्यसंस्थेवर टाकले आहे. या दोहोंमधील विस्तीर्ण पोकळी आज मानद समित्या भरून काढत आहेत. त्यांचा कारभार सैल पडला, तर नुकसान समितीपुरते राहणार नाही. नोंद नसलेला वाडा पाडताना वारसा म्हणून कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि पाडलेल्या वाड्याची नोंद करून काही उपयोग नसतो.