जाड मॅटचा आग्रह नको

२०१५पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होऊ लागला. त्यामुळे मे-जूनमध्ये योगवर्गांत नवे चेहरे दिसतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, मॅट कोणती घेऊ?’ आपल्यापैकी बरेच जण सवयीने सांगतात, ‘चांगली जाड बघून घ्या.’ हा सल्ला आपण आता थांबवायला हवा.

बाजारात १० किंवा १३ मिलिमीटरच्या ज्या मऊ मॅट मिळतात, त्या बहुधा एनबीआर फोमच्या असतात. शवासनाला त्या सुखाच्या वाटतात. पण अशा मॅटवर साधकाला वृक्षासनात उभे करा आणि खाली वाकून त्याचे पाऊल पाहा. टाच रुतलेली असते, बोटे आधारासाठी धडपडत असतात, घोटा सारखा आत-बाहेर डुलत असतो. साधकाची समजूत होते की आपल्याला तोलच नाही. फलकासनात हा त्रास मनगटाला होतो. तळहाताचा मनगटाकडचा भाग बोटांपेक्षा खोल जातो आणि आधीच काटकोनात वाकलेले मनगट आणखी वाकते. सूर्यनमस्कारांनंतर मनगट दुखते अशी तक्रार आली, तर हात तपासताना मॅटही तपासा.

मुळात चिकट मॅट आली ती पकडीसाठी. योगशिक्षिका अँजेला फार्मर यांनी जर्मनीत शिकवताना गालिचा सरकू नये म्हणून त्याखाली अंथरतात तो थर आसनांसाठी वापरला आणि त्यातून आजची मॅट रूढ झाली. त्याआधी आपल्याकडे सतरंजी, घोंगडी, चटई होतीच. गीतेच्या सहाव्या अध्यायात दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र यांचे आसन सांगितले आहे, पण ते स्थिर बसून ध्यान करण्यासाठी. प्राणायामाला आणि बैठ्या आसनांना आजही सुती सतरंजीइतके चांगले काही नाही. घाम शोषते, धुता येते, वर्षानुवर्षे टिकते. मात्र व्हिट्रिफाइड टाइल्सवर सतरंजी टाकून वीरभद्रासन करायला लावू नका. पाय फाकतात आणि जांघेचा स्नायू दुखावतो.

मऊपणा हवा तिथे तो वेगळा द्यावा. पन्नाशीपुढच्या साधकाला मार्जरासनात, उष्ट्रासनात गुडघे टेकवत नाहीत, हे खरे. त्यासाठी सगळी मॅट जाड कशाला? बी. के. एस. अय्यंगार यांनी घडीच्या घोंगड्या, विटा आणि पट्टे यांचा किती बारकाईने उपयोग केला, हे आपण सारे जाणतो. गुडघ्याखाली घोंगडीची घडी आणि पावलाखाली ४ ते ६ मिलिमीटरची घट्ट मॅट, एवढ्यात बहुतेकांचे भागते. घट्टपणा दुकानातच कळतो. अंगठ्याने जोरात दाबून सोडा. अंगठा थेट खालच्या फळीला टेकला किंवा खळगा रेंगाळला, तर ती मॅट नको.

ईव्हीएची मॅट स्वस्त आणि हलकी, पण तिचे लवकर तुकडे पडतात. पीव्हीसीची टिकते, तिला फार उग्र वास असेल तर घेऊ नये. नैसर्गिक रबराची पकड उत्तम, पण ती जड असते आणि उन्हात खराब होते. गच्चीवर वाळत घालणाऱ्यांना हे आवर्जून सांगा. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. आणि लांबी? ६८ इंची मॅट म्हणजे पाच फूट आठ इंच. उंच माणसाच्या टाचा शवासनात थंड फरशीवर येतात, तरी लांबीची चौकशी कोणी करत नाही. मॅट सरकते या तक्रारीमागे अनेकदा फक्त तिच्याखालची धूळ असते. मॅट दोन्ही बाजूंनी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवावी.

योग दिनासाठी घाऊक मॅट घेणाऱ्या शाळा आणि सोसायट्या सल्ल्यासाठी तुमच्याकडेच येतात. त्यांना नमुन्याची एक मॅट आधी मागवायला सांगा आणि तिच्यावर स्वतः उभे राहून पाहा. नव्या साधकाला पहिला आठवडा वर्गातल्या मॅटवर करू द्या. त्याची उंची, त्याचे गुडघे आणि त्याच्या घरची फरशी विचारा, आणि मगच मॅट सुचवा.