फराळाच्या वाडग्यातील हिरवे पान

‘फराळ’ हा शब्द ‘फलाहार’ या संस्कृत शब्दापासून आला आहे, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच. परंतु देवशयनी एकादशीच्या दिवशी कोणत्याही घरचे फराळाचे ताट पाहावे, तर त्यात फळ शोधावे लागते. साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे, बटाट्याचा कीस, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, आणि ताटाच्या कडेला लाजेकाजेस्तव ठेवलेले अर्धे केळे! ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही नास्तिकांनी रचलेली नव्हे. ती आपल्याच आजीबाईंची आहे.

अशा या ताटाशेजारी अलीकडे एक नवा वाडगा येऊन बसला आहे. पिकलेली फळे आणि कोवळी हिरवी पाने एकत्र वाटावयाची, तो दाट लगदा वाडग्यात ओतावयाचा, वर फळांच्या फोडी व सुका मेवा पेरून चमच्याने खावयाचे. घरातल्या सुना-नाती त्यास ‘स्मूदी बाऊल’ म्हणतात. रंग हिरवा, नाव परके. मग वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडावी यात नवल नाही. ‘बुवा, हे उपवासाला चालते काय?’ असा प्रश्न कीर्तनानंतर हल्ली हमखास येतो. माझे मत असे की, हा वाडगा चालतो. इतकेच नव्हे, तर खिचडीपेक्षा त्याचा अधिकार मोठा आहे.

एकादशीचा मुख्य पक्ष निराहाराचा. ज्यास ते झेपत नाही, त्याच्यासाठी पुढील सवलती. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी गणल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. यात फळ स्वनामाने आले आहे. साबुदाणाही शिरकाव करून घेतो, पण तो ‘मूळ’ या शब्दाच्या मागील दाराने. कारण तो होतो कसाव्याच्या कंदापासून. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि आपल्याकडील साबुदाणा मुख्यतः येतो तमिळनाडूतील सेलमकडून. बटाटा, रताळे, मिरची, शेंगदाणा हीही सारी अमेरिकाखंडातून आलेली मंडळी. ज्या व्यासांनी व्रताचे नियम सांगितले, त्यांच्या पानात यांपैकी एकही पदार्थ असण्याचा संभव नाही. समुद्र ओलांडून आलेल्या शेंगदाण्यास ज्यांनी सोवळ्यात घेतले, त्यांनी आपल्याच रावेर-यावलच्या केळ्यास, केवळ ते मिक्सरमध्ये फिरले म्हणून, दाराबाहेर उभे करावे काय? जळगावच्या केळ्यास 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही भाव पडला की तेच केळे बागेत सडते, आणि आपण दुकानातून साबुदाण्याची पिशवी आणतो. खानदेशातील घरांनी तरी याचा विचार करावा.

खरा प्रश्न फळाचा नाही, पानाचा आहे. वरील आठांत पान नाही. परंतु पर्णाहार हा तपाचा आहार होय. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात पार्वतीचे तप वर्णिले आहे, तेथे आपोआप गळालेल्या पानांवर राहणे ही तपाची पराकाष्ठा मानली असून, तिने तीही सोडली म्हणून ती ‘अपर्णा’ झाली. म्हणजे पान हे भोगाच्या बाजूचे नव्हे, संयमाच्या बाजूचे आहे. आणि राजगिऱ्याचे लाडू एकादशीस चालणाऱ्या घरात त्याच झाडाची कोवळी पाने वर्ज्य मानणे मला तरी सुसंगत वाटत नाही.

येथे एक अपवाद मात्र कसोशीने पाळावा. ज्यांनी चातुर्मासाचे नियम धरले आहेत, त्यांचे शाकव्रत याच एकादशीस वा द्वादशीस सुरू होते. पहिल्या महिन्यात शाक, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात द्विदल धान्य वर्ज्य. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 साली पूर्ण केलेल्या ‘धर्मसिंधू’त याचा विचार आहे. लोकांत भाजी म्हणून जे प्रसिद्ध ते शाक, मग ते पान असो, मूळ असो वा कोंब. अशा व्रतस्थाने आपला वाडगा निव्वळ फळांचा करावा; पिवळा वाडगा काही कमी पुण्याचा नाही. व्रत नसलेल्यांनीही पावसाळ्यातील पाल्याच्या चिखलाचे व किड्यांचे भान ठेवावे. पाने निवडून, तीन पाण्यांनी धुवून, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढावीत व ते पाणी टाकून द्यावे. पालक व राजगिरा या दोहोंत ऑक्झलेट असते; मुतखड्याचा त्रास असलेल्यांस तर हे पाणी टाकणे विशेष हिताचे.

कृती सोपी आहे. दोघांसाठी राजगिऱ्याची मूठभर पाने, रात्री भिजवलेले दोन चमचे शेंगदाणे व बी काढलेले दोन खजूर, अर्धी वाटी पाण्यात प्रथम अगदी बारीक वाटावेत. पाने आधी न वाटल्यास तंतू दाताखाली येतात आणि मग मुले पुन्हा वाडग्याकडे पाहत नाहीत. नंतर दोन पिकली केळी व वाटीभर पपई घालून फिरवावे. गाळू नये, कारण चोथ्यातच अर्धा गुण आहे. साखर अजिबात नको. वर डाळिंबाचे दाणे, ओले खोबरे, राजगिऱ्याच्या लाह्या. बर्फ घालण्याची रीत मला या दिवसांत मुळीच मान्य नाही.

कित्येक जणी दाटपणासाठी यात दही घालतात. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, केळे आणि दही वा ताक यांचा संयोग विरुद्ध आहारात गणला आहे. आधुनिक आहारतज्ज्ञ यास दुजोरा देतीलच असे नाही. पण खोबऱ्याच्या दुधाने काम भागत असता वाग्भटाशी वैर कशाला?

मधुमेह्यांनी केळे एकच घ्यावे, खजूर सोडावा, आणि उपवासाच्या दिवशी औषधाचे काय करावे हे वैद्यास आधी विचारावे. औषध हे त्या आठांतच आहे, ते चुकवून पुण्य वाढत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिनची गोळी चालू असलेल्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये.

आमचे सोनगीर पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते, म्हणून भांड्याविषयी दोन शब्द. वर लिंबू पिळणार असाल तर कल्हई नसलेल्या पितळेत हा पदार्थ क्षणभरही ठेवू नये, तो कळकतो. कल्हईचे वा स्टीलचे भांडे घ्यावे, ऐनवेळी वाटावे आणि लगेच खावे.

नैवेद्य दाखवावा काय, असेही विचारतात. अवश्य दाखवावा. फळ देवास प्रिय आहे आणि ते वाटल्याने उष्टे होत नाही. तुळशीपत्र तेवढे आदल्या दिवशी खुडून ठेवावे.