जपानला जाताय? मुलांच्या आधी स्वतःची तयारी करा

बालीगंजमध्ये राहणाऱ्याला रासबिहारी अ‍ॅव्हेन्यू चुकवता येत नाही. भाजी, साड्या, औषधं, मुलांच्या वह्या, सगळ्यासाठी पाय तिकडेच वळतात. हा रस्ता त्यांच्या नावाचा नसला, तरी नाव तेच असलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला पोहोचले आणि पुन्हा कधीच परत आले नाहीत, हे मात्र खरेदीच्या गडबडीत कुणाला आठवत नाही. १९१८ मध्ये त्यांनी तोशिको सोमा यांच्याशी लग्न केलं. १९२० मध्ये मुलगा मासाहिदे आणि १९२२ मध्ये मुलगी तेत्सुको झाली. १९२५ मध्ये तोशिको गेल्या, तेव्हा दोन्ही मुलं अगदी लहान होती. तोशिकोंच्या माहेरचं ‘नाकामुराया’ हे दुकान टोकियोच्या शिंजुकू भागात होतं. तिथे १९२७ पासून बोस यांच्यामुळे भारतीय पद्धतीची करी मिळू लागली आणि ती आजही मिळते. मुलं मात्र जपानीच झाली.

बोस यांच्यापुढे पर्याय नव्हता. इंग्रज सरकार त्यांच्या मागावर होतं. आज कंपनीच्या बदलीवर जपानला जाणाऱ्या मराठी आईबाबांपुढे पर्याय असतात. म्हणूनच त्यांना ठरवावं लागतं आणि ते लवकर ठरवावं लागतं. आजचा लेख त्याबद्दल.

कुठे जातात आपली माणसं?

टोकियोच्या एदोगावा वॉर्डमधलं निशी-कासाई हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २००० च्या आसपास संगणकाच्या कामासाठी भारतीय इंजिनियर मोठ्या संख्येने जपानला गेले. मेट्रोच्या तोझाई लाइनने ऑफिसं जवळ पडतात म्हणून ते इथे राहू लागले. आता इथे डाळ-तांदूळ, मसाले मिळतात आणि टोकियो मराठी मंडळामुळे गणपतीही जोरात होतो. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डच्या सभागृहावर निवडून आले. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. म्हणजे आपला माणूस तिथे रुजू शकतो. पण घरात दोन वर्षांचं आणि पाच वर्षांचं मूल असेल, तर रुजण्याची सुरुवात कागदांपासून होते.

पहिले काही आठवडे: वॉर्ड ऑफिस

राहायला गेल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसमध्ये पत्ता नोंदवायचा असतो. त्याच फेरीत मुलांचा भत्ता मागून घ्या. तिथे राहणाऱ्या परदेशी कुटुंबांनाही तो मिळतो. पहिल्या दोन मुलांसाठी, तीन वर्षांखालच्या मुलाला महिन्याला १५,००० येन आणि त्यापुढे १०,००० येन. अर्ज १५ दिवसांत करायचा. उशीर झाला, तर गेलेल्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत. टोकियोच्या २३ वॉर्डांमध्ये विम्यात बसणाऱ्या उपचारांचा मुलांचा खर्चही वॉर्ड उचलतो. त्यासाठी वेगळं कार्ड काढावं लागतं.

मग येते ‘बोशी तेचो’, आई आणि बाळाची वही. ही पद्धत १९४८ पासून चालू आहे. गरोदरपणापासून बाळाचं वजन, उंची, लसी, तपासण्या, सगळं त्या एकाच वहीत लिहितात. दीड वर्षाला आणि तीन वर्षांना वॉर्डकडून तपासणीचं बोलावणं येतं, ते टाळू नका. भारतातून जाताना लसीकरणाचं कार्ड सोबत हवंच, कारण दोन्हीकडची वेळापत्रकं जुळत नाहीत. आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर देतात. तिथे ती साधारण पाच ते आठ महिन्यांच्या बाळाला, नऊ बारीक सुयांच्या ठशाने दोनदा देतात. गालगुंडाची लस तिथल्या नेहमीच्या सरकारी यादीत नाही, ती वेगळी मागावी लागते. कार्ड नसेल, तर डॉक्टरांनाही अंदाजाने चालावं लागतं.

दोन बालवाड्या, दोन हिशेब

‘होइकुएन’ हे पाळणाघर. आईबाबा दोघंही कामावर जात असतील त्यांच्यासाठी. ‘योचिएन’ ही तीन वर्षांपुढच्या मुलांची बालवाडी, ती बहुतेक ठिकाणी दुपारी दोनच्या सुमारास सुटते. २०१९ च्या ऑक्टोबरपासून तीन ते पाच वर्षांच्या मुलांची फी सरकार भरतं. खाजगी योचिएनसाठी त्याला मर्यादा आहे, आणि जेवण, बस, गणवेश यांचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

इथे एक अडचण आहे. नवऱ्याच्या नोकरीवर सोबत गेलेल्या बायकोला अवलंबिताचा व्हिसा मिळतो. परवानगी काढली, तरी आठवड्याला २८ तासच काम करता येतं. होइकुएनची जागा मात्र कामाच्या तासांचे गुण मोजून देतात. त्यामुळे काम नाही म्हणून पाळणाघर नाही आणि पाळणाघर नाही म्हणून काम शोधता येत नाही, अशी कोंडी होते. एप्रिलच्या प्रवेशाचे अर्ज आदल्या वर्षी शरद ऋतूतच घेतात, हेही लक्षात ठेवा. बदलीची तारीख आपल्या हातात असेल, तर ती या वेळापत्रकाकडे बघून ठरवा.

पाळणाघरात रोज एक वही भरून द्यायची असते. सकाळचा ताप किती, रात्री किती वाजता झोपला, काय खाल्लं, शी झाली का. ताप ३७.५ अंशांवर गेला, की घेऊन जायला फोन येतो. आपल्या थर्मामीटरवर हे ९९.५ होतात. आपल्याकडे आजी ‘अंग जरा कोमट आहे’ म्हणून सोडून देते, तो हा आकडा. याचा राग मानू नका. दोघांपैकी कोण ऑफिसातून निघणार, ते आधीच ठरवून ठेवा.

डब्यातली दाशी

शाकाहारी घरांना सगळ्यात जास्त चकवते ती ‘दाशी’. सूप, भाज्या, नूडल्स यांच्या रश्शात ती असते आणि बहुतेक वेळा सुकवलेल्या माशापासून बनते. समोरच्या वाटीत माशाचा तुकडा दिसत नाही, म्हणून शिक्षिकाही भाबडेपणाने ‘यात मांस नाही’ म्हणते. ‘आम्ही शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. मांस, मासे, अंडी, दाशी, जिलेटिन, यातलं काय चालतं आणि काय नाही, याची जपानीत लिहिलेली यादी द्या. घरचा डबा चालेल का, तेही विचारा. मात्र शाळेत सगळी मुलं एकच जेवण जेवतात आणि आळीपाळीने एकमेकांना वाढतात. वेगळा डबा नेणारं मूल त्या पंगतीत एकटं पडू नये, म्हणून डबा दिसायला तरी त्या दिवसाच्या जेवणासारखा ठेवणाऱ्या आया आहेत. तेवढं जमलं तर छानच.

शाळा कोणती? आधी विचारा, किती वर्षं?

परदेशी मुलांना जपानमध्ये शाळेची सक्ती नाही. पण अर्ज केला, तर सरकारी प्राथमिक शाळेत जागा मिळते. फी आणि पाठ्यपुस्तकं मोफत. दुसरी वाट सीबीएसईची. इंडिया इंटरनॅशनल स्कूल २००४ मध्ये आणि ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल २००६ मध्ये टोकियोत सुरू झालं. तिथे फी भरावी लागते, पण परत आल्यावर बोर्ड बदलत नाही.

दोन-तीन वर्षांत नक्की परतायचं असेल, तर भारतीय शाळा सोयीची. पण मग मुलाला जपानी मुलं भेटतील कुठे, याचा विचार करा. वॉर्डची ‘जिदोकान’ म्हणजे मुलांची खेळकेंद्रं असतात, तिथे न्या. नाहीतर मूल टोकियोत राहूनही निशी-कासाईच्या चार गल्ल्यांतच वाढेल.

पाच वर्षांपेक्षा जास्त राहणार असाल, तर सरकारी शाळेचा गंभीरपणे विचार करा. मुलं स्वतः वर्ग झाडतात, घोळक्याने चालत शाळेत जातात, भूकंपाची कवायत करतात. हे शिक्षण विकत मिळत नाही. पण त्याची एक किंमत आहे. पहिलीत ८० आणि सहा वर्षांत मिळून १,०२६ कांजी चिन्हं शिकायची असतात. दुसरी-तिसरीपर्यंत मूल पुढे जातं आणि आईबाबांना गृहपाठ वाचताही येत नाही. शाळेची सूचना मुलानेच वाचून दाखवायची, दवाखान्यात आईचा दुभाषी मुलीनेच व्हायचं, अशी वेळ येते. सात वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर हे ओझं नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मुलांची भाषा आपोआप येते. तयारी आईबाबांची लागते. हिरागाना आणि काताकाना निघण्याआधी शिका. पुण्यात जपानी शिकवणारे पुष्कळ आहेत आणि ऑनलाइन वर्ग तर कोलकात्यातूनही करता येतो. आपल्याला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी येतं, आपली विभक्ती नामाला जोडून येते तसं तिथेही नामामागे अव्यय लागतं. आणि मुळाक्षरं? आ-इ-उ-ए-ओ, मग का-कि-कु-के-को. ही मांडणी संस्कृत वर्णमालेवरूनच तिकडे गेली आहे. बाराखडी घोकलेल्या माणसाला ती अर्ध्या दिवसात ओळखीची वाटते.

आणि मराठी?

आमच्या बालीगंजच्या इमारतीत एक चार वर्षांचा मराठी मुलगा आहे. तो ‘मला पाणी खायचंय’ म्हणतो, कारण बंगालीत पाणी ‘खातात’. जपानीत औषध ‘पितात’, गोळीसुद्धा. म्हणजे टोकियोतलं मूल उद्या म्हणेल, ‘आई, मी गोळी प्यायले.’ यात घाबरण्यासारखं काही नाही. हसा, बरोबर वाक्य एकदा सहज बोलून दाखवा आणि पुढे चला. मूल दोन भाषा डोक्यात मांडतंय, गोंधळलेलं नाही.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. पाळणाघरात रोज नऊ-दहा तास जपानी, घरी थकलेल्या आईबाबांचं अर्धं इंग्रजी आणि मोबाइलवर कार्टून. असं चाललं, तर मराठी बोलायला ऐकणारा माणूसच उरत नाही. मग मूल मराठी समजतं, पण उत्तर जपानीत देतं. काही वर्षांनी आजीचा व्हिडिओ कॉल आला, की ‘नमस्कार’ म्हणून खेळायला पळतं. त्यात मुलाचा दोष नाही आणि आजीचाही नाही.

त्यासाठी मोठ्या योजना लागत नाहीत. रात्रीचं जेवण आणि झोपतानाची गोष्ट, या दोन वेळा पूर्ण मराठी ठेवा. आजी-आजोबांना नुसता ‘हाय’ नको, एक काम द्या. रविवारी आजीने रेसिपी सांगायची आणि नातीने ती आईला समजावून द्यायची. मूल जपानी शब्द वापरून सांगत असेल, तर अडवू नका, मराठी शब्द पुरवा. आणि देवनागरी शिकवायला पाचवं-सहावं वर्ष चांगलं, हिरागाना चालू असतानाच. दोन्हींची बाराखडी एकमेकींना मदत करते.

जपानी मूल घरातून निघताना ‘इत्तेकिमासु’ म्हणतं. शब्दशः अर्थ, जाऊन येतो. आपणही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बंगाली माणूसही दारातून ‘आशी’ म्हणजे ‘येतो’ असंच म्हणतो. तुमचं मूल सकाळी दारात जपानीत म्हणालं, तर तुम्ही ‘ये हं, लवकर ये’ असं मराठीत म्हणा. रोज. जाण्याआधी कागद, शाळा आणि वर्षं, या तीन गोष्टी एका वहीत लिहून ठेवा. बॅगा त्यानंतर भरा.